देहातील मीठ-पाण्याचा जमाखर्च

सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावणारी वारणा नदी पूर्वेकडे वाहत येऊन सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेस मिळते. कोल्हापूर आणि सांगली ह्या दोन जिल्ह्यांची सीमा बऱ्याच अंतरापर्यंत तिच्याच पात्राने आखली आहे. ह्या नदीच्या दक्षिणेस, पन्हाळा तालुक्यात, कोडोली गावाला लागून वारणानगर वसले आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तात्यासाहेब कोरे ह्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याभोवती ही वसाहत वाढली आणि भोवतालचा मुलुख उसाने हिरवा झाला. उसाबरोबर बारमाही पाणी आले, गर्द सावली आली, पाचट आले. पाचटात उंदरांची वस्ती होते, आणि उंदरांच्या मागावर घोणस येते.

घोणस ही महाराष्ट्रातील चार प्रमुख विषारी सापांपैकी एक होय. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत असलेल्या पॅट्रिक रसेल ह्या वैद्याने १७९६ साली कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्याच नावाने ही सर्पजाती पाश्चात्य शास्त्रात ओळखली जाते. तिच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि उपचार वेळेवर न मिळाल्यास माणूस दगावतो. एवढे शेतकऱ्यालाही ठाऊक असते. परंतु जो रोगी ह्या दंशातून वाचला, घरी परतला, हिंडूफिरू लागला, त्याच्या शरीरात कधी कधी एक दुसरेच संकट दबा धरून बसलेले असते, ही गोष्ट फारच थोड्यांना माहीत असते. काही महिन्यांनी, प्रसंगी काही वर्षांनी, हा मनुष्य विनाकारण थकू लागतो. त्याची भूक मंदावते, थंडी सोसवत नाही, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. घरची माणसे म्हणतात, विषाने अंग पोखरले. वस्तुतः पोखरली गेलेली असते ती मेंदूच्या तळाशी असलेली एक लहानशी ग्रंथी. आणि तिच्याबरोबर ढासळलेला असतो तो देहातील मीठ आणि पाणी ह्यांचा मेळ.

हा मेळ कोण राखतो, तो बिघडतो कसा, आणि हे कोडे वैद्यकशास्त्राने कसकसे उलगडत नेले, ह्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

मनुष्याच्या शरीराचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा आहे. ह्या पाण्यात मीठ विरघळलेले असते. मिठाचा एक घटक जो सोडियम, त्याचे रक्तातील प्रमाण निरोगी माणसात दर लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल ह्या अरुंद पट्ट्यात राहते. मग त्या माणसाने कोकणातली खारवलेली मासळी खावी की देशावरची अळणी भाजी खावी, वैशाखात शेतात राबावे की पावसाळ्यात घरात बसावे, ह्या आकड्यात फारसा फरक पडत नाही. ही किमया मूत्रपिंडांची. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव ती रक्तातून गाळून काढतात. त्यात अदमासे दीड किलो मीठ असते. ह्यातील बहुतेक सर्व पाणी आणि मीठ ती पुन्हा रक्तात परत घेतात आणि केवळ दीड-दोन लिटर मूत्र बाहेर टाकतात. एवढी मोठी उलाढाल करणाऱ्या पेढीत जमाखर्चाची चूक शेकडा एकाची झाली, तरी दिवाळे निघण्यास वेळ लागणार नाही.

मूत्रपिंडे ही ह्या पेढीतील कारकून होत. त्यांना हुकूम देणारे धनी दुसरेच आहेत. एक हुकूम पाण्याचा. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीतून, म्हणजे पिट्युटरीतून, सुटतो. त्याचा अर्थ एवढाच की पाणी राखा. दुसरा हुकूम मिठाचा. तो दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून, म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून, सुटतो. आणि त्याचा अर्थ असा की मीठ राखा. हे हुकूम कागदावर लिहिलेले नसून रक्तातून वाहणाऱ्या अत्यल्प रासायनिक द्रव्यांच्या रूपाने जातात. त्यांना ‘हॉर्मोन’ हे नाव अर्नेस्ट स्टार्लिंग ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०५ साली दिले. मराठीत त्यांना संप्रेरके म्हणतात.

शास्त्राला ह्या धन्यांचा पत्ता फार उशिरा लागला. त्यांचे हुकूम चुकल्याचे परिणाम मात्र वैद्यांच्या दृष्टीस पूर्वीपासून पडत होते. आपल्याकडील चरकसंहितेत प्रमेहाचे वीस प्रकार वर्णिलेले आहेत. त्यांत उदकमेह नावाचा एक आहे. त्यातील मूत्र स्वच्छ, पुष्कळ, थंड, गंधहीन आणि पाण्यासारखे असते, असे त्याचे लक्षण दिले आहे. मधुमेह त्याहून निराळा गणलेला आहे. आजच्या रोगनिदानाशी ह्या जुन्या वर्गीकरणाची अक्षरशः सांगड घालणे योग्य होणार नाही. तथापि पुष्कळ मूत्र म्हणजे सरसकट मधुमेह नव्हे, हे ह्या वैद्यांनी हेरले होते, इतके निश्चित. युरोपात थॉमस विलिस ह्याने १६७४ साली मधुमेह्याच्या मूत्राची गोडी नमूद केली, आणि १७९४ साली योहान पीटर फ्रांक ह्याने ज्यात साखर नाही अशा बहुमूत्र रोगाची स्वतंत्र व्याख्या केली. ह्या रोगाचा माणूस दिवसाला दहा-पंधरा लिटरसुद्धा मूत्र विसर्जित करतो आणि तितकेच पाणी पितो. रात्री उशाशी घागर ठेवल्याखेरीज त्याला झोप येत नाही.

ह्या तहानेचे मूळ पीयूषिकेत आहे, हे विसाव्या शतकाच्या आरंभी कळले. १९१३ साली इटलीत फारिनी आणि जर्मनीत फॉन डेन व्हेल्डेन ह्या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, पीयूषिकेच्या मागील भागाचा अर्क टोचून अशा रोग्यांचे मूत्र आटोक्यात आणले. वर्षानुवर्षे न शमलेली तहान काही तासांत शमली. पुढे केंब्रिज येथे व्हर्नी ह्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून १९४७ साली असे दाखवले की रक्त किंचित खारट होताच मेंदूतील एका भागाला त्याची जाणीव होते आणि पाणी राखण्याचा हुकूम सुटतो. व्हॅसोप्रेसिन ह्या नावाने ओळखले जाणारे ते द्रव्य अमेरिकेत व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो ह्यांनी १९५४ साली प्रयोगशाळेत सिद्ध केले, आणि १९५५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आज त्याच द्रव्यात थोडा फेरफार करून बनविलेले औषध नाकात फवारून किंवा गोळीच्या रूपाने घेता येते.

मिठाच्या हुकुमाची कथा अधिक करुण आहे. लंडनच्या गाइज रुग्णालयातील थॉमस अ‍ॅडिसन ह्यांनी १८५५ साली एक लहानसा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात अकरा रोग्यांची हकीकत होती. ही माणसे हळूहळू क्षीण होत जात. त्यांची नाडी मंद, भूक नाहीशी, पोटात मळमळ. आणि सर्वांत विलक्षण म्हणजे त्वचा काळवंडत जाई. मृत्यूनंतर पाहिले असता त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी नष्ट झालेल्या किंवा रोगग्रस्त आढळत. ह्या ग्रंथींचे कार्य काय, हे तोवर कुणासही ठाऊक नव्हते. त्या असल्या काय आणि नसल्या काय, असेच पुष्कळांना वाटे. पुढच्याच वर्षी पॅरिस येथे ब्राउन-सेकार ह्यांनी प्राण्यांच्या ह्या ग्रंथी काढून पाहिल्या, तेव्हा ते प्राणी लवकरच मेले. जीवनास त्या अत्यावश्यक आहेत, हे तेव्हा सिद्ध झाले. मात्र त्यांच्यावाचून माणूस मरतो तो नेमका कशामुळे, हे कळावयास आणखी पाऊणशे वर्षे लागली.

अ‍ॅडिसन ह्यांच्या रोग्यांपैकी कित्येकांच्या ग्रंथी क्षयाने खाल्लेल्या होत्या. फुप्फुसात ठाण मांडलेला क्षय रक्तावाटे ह्या ग्रंथींपर्यंत पोचतो आणि तेथे वर्षानुवर्षे गुपचूप काम करीत राहतो. पाश्चात्य देशांत क्षय हटल्यावर ह्या रोगाचे ते कारण मागे पडले. तेथे आता शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटून ह्या ग्रंथींचा नाश करते, असे बहुधा आढळते. भारतात मात्र अ‍ॅडिसनच्या रोगाचा विचार करताना क्षयाला आजही विसरता येत नाही. वारणेचे पाणी जेथे कृष्णेत जाते तेथून जवळच असलेल्या मिरजेत विल्यम वान्लेस ह्या मिशनरी शल्यवैद्याने १८९४ साली रुग्णालयाची इमारत उभी केली, आणि पुढे १९२० च्या सुमारास त्याच परिसरात क्षयरोग्यांसाठी आरोग्यभवन निघाले. त्या वस्तीला आजही वान्लेसवाडी म्हणतात. दक्षिण महाराष्ट्रातून क्षयाचे रोगी तेथे येत. त्या काळी मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार ह्यांखेरीज क्षयावर दुसरा इलाज नव्हता. ज्यांची अधिवृक्क ग्रंथी त्या रोगाने ग्रासली, त्यांच्यासाठी तर जगातील कोणत्याही रुग्णालयात इलाज नव्हता.

तो इलाज सापडला तो अगदी घरगुती वस्तूत. न्यूयॉर्क येथील रॉबर्ट लोब ह्यांनी १९३२ च्या सुमारास अ‍ॅडिसनच्या रोग्यांचे रक्त तपासले. त्यात सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त आढळले. हुकूम थांबल्यामुळे मूत्रपिंडे मीठ राखीनाशी झाली होती आणि ते मूत्रावाटे अखंड वाहून जात होते. मिठाच्या मागोमाग पाणीही जाई, रक्ताचे आकारमान घटे, दाब उतरे, आणि शेवटी रोगी कोसळे. लोब ह्यांनी, आणि त्याच सुमारास बाल्टिमोर येथे हॅरप ह्यांनी, रोग्यांना भरपूर मीठ देऊन पाहिले. मरणपंथाला लागलेली माणसे मिठाच्या पाण्याने उठून बसली. रोग त्यामुळे बरा होत नसे, परंतु मृत्यू लांबणीवर पडे. मीठ हे औषध आहे, हे वैद्यकाला असे नव्याने शिकावे लागले.

रोग्याच्या जिभेला मात्र हे आधीच ठाऊक होते. १९४० साली बाल्टिमोरच्या विल्किन्स आणि रिश्टर ह्या दोघा शास्त्रज्ञांनी साडेतीन वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. ह्या मुलाला लहानपणापासून मिठाचे विलक्षण वेड होते. बिस्किटावरचे मीठ तो चाटून घेई आणि बिस्किट टाकून देई. मिठाची डबी दिसली की ती त्याला हवीच असे. बोलू लागला तेव्हा त्याने प्रथम शिकलेल्या शब्दांत मीठ हा शब्द होता. आईबापांनी त्याचा हट्ट पुरवला आणि मूल जगले. पुढे दुसऱ्याच कारणासाठी त्याला रुग्णालयात दाखल करण्यात आले. तेथे त्याला इतर मुलांप्रमाणे बेताच्या मिठाचे अन्न मिळू लागले. सात दिवसांत ते मूल दगावले. शवपरीक्षेत अधिवृक्क ग्रंथींचा दोष उघडकीस आला. घरच्यांना जो हट्ट वाटला होता, तो त्या चिमुकल्या देहाचा जगण्याचा एकमेव मार्ग होता. रिश्टर ह्यांनी त्यापूर्वीच उंदरांवर हेच पाहिले होते. अधिवृक्क ग्रंथी काढलेल्या उंदरांपुढे साधे पाणी आणि खारे पाणी दोन्ही ठेवले, तर ते खारे पाणी पिऊन जगत.

ह्यानंतर गाडी वेगाने पुढे सरकली. अधिवृक्क ग्रंथीच्या सालीचा अर्क १९३० सालापासून रोग्यांना टोचला जाऊ लागला होता. १९३७ साली स्वित्झर्लंडमध्ये राइखश्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्याने मीठ राखणारे एक द्रव्य कृत्रिम रीतीने तयार केले. १९४८-४९ मध्ये अमेरिकेत केंडल आणि हेंच ह्यांच्या प्रयत्नांतून कॉर्टिसोन उपलब्ध झाले, आणि ह्या तिघांना मिळून १९५० सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. मीठ राखण्याचा खरा हुकूम ज्या द्रव्याचा, ते अल्डोस्टेरोन मात्र १९५३ पर्यंत हाती लागले नव्हते. लंडनमध्ये सिल्व्हिया सिम्प्सन आणि जेम्स टेट ह्यांनी राइखश्टाइन ह्यांच्या सहकार्याने ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. शेकडो किलो गुरांच्या ग्रंथी वापरल्या, तेव्हा हाती आले ते अवघे काही मिलिग्रॅम. हुकूम किती सूक्ष्म असतो, ह्याची कल्पना ह्यावरून यावी. १९५५ साली मिशिगन येथील जेरोम कॉन ह्यांनी ह्याची उलट बाजू दाखवली. अधिवृक्क ग्रंथीत गाठ होऊन हेच द्रव्य बेसुमार स्रवू लागले, तर मीठ अंगात साठते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम घटून स्नायू लुळे पडू लागतात. ती गाठ काढली की रोगी सुधारतो.

आता पुन्हा वारणेच्या काठी यावयास हरकत नाही. घोणशीच्या दंशानंतर जो मनुष्य क्षीण होतो, त्याची अधिवृक्क ग्रंथी शाबूत असते. बिघडते ती पीयूषिका. ह्या प्रकाराचे आकलन एका वेगळ्याच वाटेने झाले. ग्लासगो येथील हॅरोल्ड शीहान ह्यांनी १९३७ साली प्रसूतीत अतिशय रक्तस्राव झालेल्या स्त्रियांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. गरोदरपणी पीयूषिका आकाराने वाढते आणि तिची रक्ताची गरजही वाढते. अशा वेळी रक्त फार गेले की तिला रक्तपुरवठा पुरेनासा होतो आणि ती सुकून मरते. त्या बाळंतिणीला दूध येत नाही, पाळी पुन्हा सुरू होत नाही, केस विरळ होतात, चेहरा फिकट पडतो, आणि ती जन्मभर आजारी राहते. घरोघरी सुइणीच्या हातून बाळंतपणे होत त्या काळी महाराष्ट्रात अशा किती स्त्रिया ‘बाळंतपणाने खंगली’ ह्या एका वाक्याखाली गाडल्या गेल्या असतील, ह्याची मोजदाद कुणी ठेवली नाही.

घोणशीचे विष हेच काम दुसऱ्या मार्गाने करते. ते सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या करते आणि त्याच वेळी इतरत्र रक्तस्राव घडवते. ह्यात पीयूषिकेचा रक्तपुरवठा तुटतो. केरळातील वैद्यांनी १९७६ साली असे रोगी नोंदले, आणि १९८७ साली ब्रह्मदेशातील वैद्यांनी इंग्रज सहकाऱ्यांसह लंडनच्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात ह्या विकाराचे सविस्तर वर्णन केले. शीहान ह्यांनी बाळंतिणीत पाहिलेला रोगच शेतकऱ्याच्या अंगी प्रकट झालेला होता.

येथे एक बारकावा आहे, आणि ह्या साऱ्या इतिहासाचे मर्म त्यातच आहे. अ‍ॅडिसनच्या रोग्याच्या रक्तात सोडियम कमी असते; पीयूषिका गमावलेल्या रोग्याच्या रक्तातही ते कमी असू शकते. तपासणीच्या कागदावर दोघांचा आकडा एकच दिसेल. परंतु त्या आकड्यामागची हकीकत भिन्न आहे. पहिल्याचे मीठ खरोखरीच वाहून गेलेले असते, कारण मीठ राखणारे अल्डोस्टेरोन त्याच्या अंगात उरलेले नसते. दुसऱ्याचे अल्डोस्टेरोन बहुधा ठीक असते, कारण त्याची सूत्रे मुख्यतः पीयूषिकेच्या हाती नसून मूत्रपिंडाच्या हाती असतात. त्याच्या अंगात कमी पडलेले असते कॉर्टिसोल. कॉर्टिसोल नसले की पाणी राखण्याचा हुकूम थांबत नाही, मूत्रपिंड जादा पाणी बाहेर टाकू शकत नाही, आणि जागच्या जागी असलेले मीठ त्या पाण्यात पातळ होते. एकाची त्वचा काळवंडते, दुसऱ्याची फिकट पडते. एकाचे मीठ गेले, दुसऱ्याचे पाणी साचले. डाळीत मीठ कमी लागले तर ते घालावयास विसरल्यानेही असेल आणि पाणी जास्त पडल्यानेही असेल. नुसती चव घेऊन ते सांगता येत नाही.

ही गोष्ट १९५७ साली आणखी स्पष्ट झाली. अमेरिकेतील श्वार्ट्‌झ, बार्टर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दोन रोग्यांचे वर्णन केले. त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी निर्दोष होत्या, मूत्रपिंडेही निर्दोष होती. तरी रक्तातील सोडियम सारखे उतरत होते. पाणी राखण्याचा हुकूम अवेळी आणि अकारण चालू होता, असे त्यांनी अनुमान केले, आणि ते पुढे खरे ठरले. अशा रोग्याला मीठ चारीत राहणे व्यर्थ असते. बहुतेक वेळा त्याचे पाणी मोजून द्यावे लागते. हा प्रकार न्यूमोनियात होतो, क्षयात होतो, मेंदूच्या विकारांत होतो, आणि कित्येक औषधांनीही होतो.

शहरांतील सुशिक्षित घरांत ‘आजोबांचे सोडियम कमी झाले’ हे वाक्य आता ताप किंवा खोकला ह्यांच्याइतकेच परिचयाचे झाले आहे. ते ऐकताच कुणी लिंबू-मीठ-साखरेचे पाणी करून देते, कुणी लोणच्याची फोड वाढते, कुणी भरपूर पाणी पिण्याचा आग्रह धरते. हेतू मायेचा असतो, पण ह्यातला एक उपाय दुसऱ्याच्या विरुद्ध आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. ज्याचे पाणी साचले आहे, त्याला भरपूर पाणी पाजणे म्हणजे पुरात पाण्याची भर टाकणे होय. उलटपक्षी, रक्तदाबासाठी मूत्र वाढविणारी गोळी घेणाऱ्या वृद्धाचे, अथवा जुलाबाने थकलेल्या माणसाचे, मीठ खरोखरीच गेलेले असू शकते. तेथे उपाय वेगळा. आकडा एकच, आणि उपाय परस्परविरोधी. म्हणूनच आकडा सुधारण्यापूर्वी त्याचे कारण शोधावे लागते, आणि तो सुधारतानाही घाई करून चालत नाही. फार दिवस उतरलेले सोडियम एकाएकी चढवले, तर मेंदूतील मज्जातंतूंच्या आवरणाला इजा होते, हा धडाही वैद्यकाला रोग्यांच्या प्राणांचे मोल देऊन शिकावा लागला आहे.

संप्रेरकांचा विकार ह्या आकड्यामागे असेल, असे लवकर मनात येत नाही. त्याचे कारण उघड आहे. थकवा, मळमळ, अरुची, चक्कर ही काही एखाद्या रोगाची खास खूण नव्हे. ऊस तोडणाऱ्या मजुराचा थकवा कष्टावर घातला जातो, सुनेचा थकवा बाळंतपणावर, वृद्धाचा वयावर. ह्या तिघांच्या पूर्वायुष्यातील एखादी गोष्ट निदानाला पुरेशी असते. मजुराला तीन वर्षांपूर्वी घोणस चावली होती. सुनेला प्रसूतीत रक्त चढवावे लागले होते आणि पुढे दूध आले नव्हते. वृद्धाला तरुणपणी क्षय झाला होता, किंवा सांधेदुखीसाठी कुणी दिलेल्या बिननावाच्या पुड्या तो वर्षानुवर्षे घेत होता. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. बाहेरून आयता पुरवठा होत राहिला की शरीरातील ग्रंथी आपले काम सोडून देते; आणि एके दिवशी पुडी बंद होताच मनुष्य कोसळतो. वैद्याने ही गोष्ट विचारावी आणि घरच्यांनी ती न विसरता सांगावी, एवढ्यावर कधी कधी जीव अवलंबून असतो.

कारण एकदा सापडले की उपचार सोपा आहे. उणे पडलेले कॉर्टिसोल गोळीच्या रूपाने रोज द्यावयाचे. अ‍ॅडिसनच्या रोगात त्याबरोबर मीठ राखणारे फ्लुड्रोकॉर्टिसोन द्यावयाचे. बहुमूत्र असेल तर पाणी राखणारे औषध द्यावयाचे. १८५५ साली ज्या रोगाचे निदान मृत्यूनंतर होई, त्याचा रोगी आज शेत पिकवतो, नोकरी करतो, संसार करतो. मात्र दोन गोष्टी त्याने पाळावयाच्या असतात. बरे वाटू लागले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करावयाची नाही. आणि ताप, वांत्या किंवा शस्त्रक्रिया अशा प्रसंगी वैद्याने सांगितल्याप्रमाणे मात्रा वाढवावयाची. निरोगी माणसाच्या ग्रंथी संकटकाळी आपला स्राव आपोआप वाढवतात. ह्याच्या ग्रंथीला ते करता येत नाही, म्हणून ते त्याने स्वतः जाणून करावयाचे. अशा रोग्याने आपल्या आजाराची चिठ्ठी खिशात बाळगावी, हेही उत्तम.

मुंबईस परळ येथे १८९९ साली प्लेगच्या संशोधनासाठी निघालेली प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ह्या चारही सापांच्या विषावर उतारा ठरणारी लस तिने तयार केली. त्या लशीमुळे असंख्य प्राण वाचले. परंतु लस टोचून रोगी वाचला म्हणजे वैद्याचे काम संपले, असे मात्र होत नाही. वारणेच्या खोऱ्यात सर्पदंशातून वाचलेला माणूस जेव्हा काही महिन्यांनी रुग्णालयाच्या पायऱ्या पुन्हा चढतो आणि नुसते ‘अंगात जीव नाही’ एवढेच सांगतो, तेव्हा त्याच्या ह्या तक्रारीमागे अ‍ॅडिसनपासून शीहानपर्यंत आणि लोबपासून बार्टरपर्यंत शंभर वर्षांची विद्या उभी असते. ती उपयोगी पडावी, ह्यासाठी लागते ती एक रक्ताची तपासणी, आणि त्याआधी त्याला विचारलेला एक साधा प्रश्न.